परकी पिल्लं

शेजारच्या धोंडूबाईच्या मांजरीला कुत्र्यांनी फाडलं आणि तिची तीन पिल्लं आकारामच्या परड्यात, कडब्याच्या गंजीत तशीच राहिली. पौषाचे दिवस होते. राहीबाई म्हशीला वैरण काढायला गेली तेव्हा पेंढीखालून चिरका आवाज आला. तिनं पेंढी उचलून बघितलं. तीन गोळे एकमेकांच्या अंगावर चढत होते. डोळेही उघडले नव्हते.

"आता ही कशाची जगत्यात," असं पुटपुटून तिनं पेंढी होती तिथं ठेवली आणि दुसऱ्या बाजूची ओढली. तिला घाई होती. नवरा आकाराम आठ दिवसांपासून येरळा नदीपलीकडं कोंडीबाच्या गुऱ्हाळावर मुक्कामाला होता. त्यांच्या उसाची पाळी लागली होती, आणि त्याच्यासह चार गड्यांच्या भाकरी रोज डोक्यावरून न्यायच्या होत्या.

पण मागं उभ्या असलेल्या सुलीनं पिल्लं बघितली. ती तशीच परकर सावरत घराकडं पळाली आणि दारातूनच ओरडली, "आई! आगं आई, चल की लौकर! पिल्लं हायती!"

राहीबाई वळली. "काय गं?" असं तिच्या तोंडात आलंही होतं. मग तिच्या ध्यानात आलं, की हाक तिला नव्हती. सुली तिला मोठीआई म्हणायची. नुसतं आई म्हणून ती आज पहिल्यांदाच कुणाला तरी बोलावत होती, आणि घरातून विजयमाला पदराला हात पुसत बाहेर येत होती.

सुली आकारामच्या धाकट्या भावाची, मानसिंगची लेक. मानसिंग पलटणीत होता. लढाई सुरू झाली तेव्हा तो गेला आणि त्याच्या मागं त्याची बायको रंगू बाळंत झाली. अकराव्या दिवशी तापानं रंगू गेली. राहीबाईच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. अकरा दिवसांची पोर तिच्या मांडीवर आली. शेळीचं दूध, निम्मं पाणी, आणि कापसाचा बोळा. बोळा तोंडात धरला की पोर चोखायची, काढला की किंचाळायची. एकदा घरात कोणी नव्हतं तेव्हा राहीबाईनं चोळीची गाठ सोडून पोरीला छातीशी धरलं. पोरीनं जोरात ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मग तोंड फिरवून अशी रडली की राहीबाईनं घाईघाईनं गाठ मारली. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

सहा वर्षांत मानसिंग दोनदा घरी आला. लढाई संपल्यावर आला तो लांबची रजा घेऊनच, आणि मार्गशीर्षात मलकापूरची विजयमाला करून आणली. एकोणीस वर्षांची, उंच, हसरी. रजा संपली की दोघं बेळगावला जाणार होती. तिथं त्याला राहायला खोल्या मिळणार होत्या. पोरीचं काय करायचं, हे एकदा जेवताना निघालं होतं.

"बघू," मानसिंग म्हणाला होता. "पोर हिच्याशी रमली तर न्यायची. न्हाई रमली तर ऱ्हाऊ दे वैनीपाशी. वर्सभरानं बघू."

राहीबाईनं त्याच्या ताटात भाजी वाढली होती. "तुमची लेक. तुमी बघा," एवढंच ती बोलली होती. पण त्या दिवसापासून सुली कुठं बसते, कुणाच्या हातची भाकरी खाते, यावर तिची नजर होती.

विजयमालानं पिल्लं बुट्टीत घालून घरात आणली. खाली जुनेरं अंथरलं. दोन दिवस तिनं बोटानं दूध चाटवायचा उद्योग केला, पण पिल्लं आणखीनच मलूल झाली. तिसऱ्या दिवशी परड्याच्या बांधावर एक मांजर दिसली. राखी, पट्ट्यापट्ट्यांची, एक कान फाटलेला. ती कुणाचीच नव्हती. चार दिवस ती आळीतून रडत हिंडत होती. हिची पिल्लं बोक्यानं खाल्ली, असं धोंडूबाई म्हणाली. तिचं पोट दुधानं तटतटलं होतं आणि चालताना ती मागचे पाय फाकवून टाकत होती.

विजयमालानं बुट्टी मागच्या दारात ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. सुलीला मांडीवर घेतलं, तोंडावर बोट ठेवलं. दुपार सरत आली तरी दोघी हलल्या नाहीत. मांजर जवळ यायची, लांब जायची. शेवटी ती बुट्टीच्या काठाशी आली, एकेका पिल्लाचा वास घेतला, फिस्कारली, पुन्हा वास घेतला. मग आत उतरून आडवी झाली. पिल्लं आंधळेपणानं चाचपडत पोटाला भिडली.

"आई, प्याली! प्याली गं!" सुलीनं विजयमालाच्या गळ्याला मिठी मारली.

राहीबाई जात्यापाशी दळण पाखडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं नाही.

थोड्या वेळानं विजयमाला आत आली. "आक्का, जरा दूध देता का वाटीत?"

"कुनाला?"

"मांजरीला. पोटात काय नसंल तर तिनं पाजायचं कुठनं?"

"गुऱ्हाळावरच्या मानसांना ताक पुरंना, आनि मांजरीला दूध?"

सोप्यात बाजेवर मानसिंग दाढी करत बसला होता. तो आरशातूनच म्हणाला, "घाला की वैनी घोटभर. औंदा उंदरानं कणगीतला शाळू पोखारलाय. मांजर घरात असल्याली बरी."

राहीबाईनं वाटी घेतली आणि दूध ओतलं. वाटी भरली तरी ओतत राहिली. दूध काठावरून तिच्या बोटांवर, बोटांवरून जमिनीवर सांडलं. "बास का अजून?" तिनं विचारलं. विजयमालाचा चेहरा उतरला. ती वाटी दोन्ही हातांनी धरून बाहेर गेली.

त्या दिवसापासून सुली विजयमालाच्या खोलीत झोपायला लागली. पिल्लं तिथं होती ना! राहीबाईची वाकळ एका अंगानं रिकामी राहू लागली. सकाळी ती सुलीला वेणीला बोलवायची तर पोर आधीच वेणी घालून आलेली असायची, लाल फीत लावून. फीत मानसिंगनं बेळगावहून आणलेली होती. राहीबाईकडं सुतळीसारखा गोंडा होता. तो तिनं कोनाड्यात टाकून दिला.

पण विजयमालापेक्षाही तिचा जीव जळायचा तो त्या मांजरीवर. भाकरी थापता थापता तिची नजर तिकडं जायची. मांजर डोळे मिटून पडलेली असायची. पिल्लं पंजांनी दाबत, चपचप आवाज करत प्यायची. कुणाची कोण पिल्लं! हिनं ती पोटात वाढवली नाहीत, कळा काढल्या नाहीत. आली, आडवी झाली, आणि हिची झाली. राहीबाईला वाटायचं, लाथ घालावी.

एकदा धोंडूबाई विस्तव न्यायला आली आणि बुट्टीपाशी उभी राहिली. "माझ्या मांजरीची पिल्लं, आनि ही बया कशी पाजती बघा! जनावराला काय आपलं आनि परकं."

"कळत असंल की मावशी," विजयमाला हसून म्हणाली. "पर एकदा दूध उतरलं की परकं ऱ्हातंय व्हय?"

ती सहज बोलली होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण चुलीपाशी बसलेल्या राहीबाईला ते शब्द तव्याच्या चटक्यासारखे लागले. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली ती दुमडून पडली. ती तशीच जळू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विजयमाला आणि सुली धुणं घेऊन नदीवर गेल्या. मानसिंग कडेगावला गेला होता. घरात कोणी नव्हतं. राहीबाईनं गुऱ्हाळाच्या भाकरी पाटीत बांधल्या. मग पितळीत दूध ओतलं आणि "ये, ये" केलं. मांजर आली. आठ दिवस याच हातचं दूध पीत होती, भ्यायचं कारण नव्हतं. ती पितळीत तोंड घालून चाटायला लागली. राहीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ ऊबदार होती. मग तिनं पोतं वरून टाकलं.

पाटी डोक्यावर आणि पोतं हातात घेऊन ती निघाली. पोतं आधी लाथा झाडत होतं, नंतर नुसतं जड झालं. वाटेत कुणी विचारलं नाही. गुऱ्हाळावर जाणाऱ्या बाईच्या हातात पोतं असायचंच. नदीला गुडघाभर पाणी होतं. धुण्याची जागा वरच्या अंगाला होती, म्हणून ती खालच्या उतारानं गेली. मांजर पाणी ओलांडून परत येत नाही, असं तिनं ऐकलं होतं.

गुऱ्हाळाच्या अलीकडं पाचटाचे, उसाच्या वाळल्या पाल्याचे, ढीग होते. तिथं तिनं पोत्याचं तोंड सोडलं. मांजर बाहेर पडली, दोन उड्यांत ढिगामागं गेली. राहीबाईनं पोतं झटकून काखेत घेतलं.

आकाराम चुलवाणापाशी, रसाच्या काहिलीखाली, उसाची चिपाडं सारत होता. घामानं आणि धुरानं त्याचं तोंड काळं झालं होतं. "आज लौकर आलीस?"

"आले."

"पोरगी काय म्हनती? इकडं घिऊन ये की एकदा. गरम गूळ खाईल."

"तिला येळ कुठाय आता," राहीबाई म्हणाली आणि भाकरी सोडायला बसली.

ती घरी परतली तेव्हा बुट्टीतून आवाज येत होता आणि सुली परड्यात "माऊ, माऊ" करत हिंडत होती. गंजीखाली बघितलं, गोठ्यात बघितलं, माळ्यावर चढून बघितलं. "मोठीआई, तू बघितलीस का गं माऊ?"

"म्या कशाला बघू? भटकं जनावर त्ये. आलं तसं गेलं."

सुलीनं तिच्या तोंडाकडं क्षणभर बघितलं आणि पुन्हा शोधायला गेली.

दिवस मावळेपर्यंत पिल्लांचा आवाज बारीक झाला. विजयमालानं कापसाचा बोळा केला. पिल्लाला तळहातावर उताणं धरलं आणि बोळा तोंडात कोंबला. दूध पिल्लाच्या नाकातून आलं. ते शिंकलं, तडफडलं. राहीबाई चुलीपाशी बसून बघत होती. उताणं धरू नये, कुशीवर धरावं. बोळा पिळू नये, ओठाच्या कडेला टेकवावा आणि गिळेपर्यंत थांबावं. दूध कोमट असावं, गरम नको. हे सगळं तिला ठाऊक होतं. तिची बोटं तिच्याच मांडीवर नकळत तशी हलली. पण ती बोलली नाही. बघू दे हिला, असं तिला वाटलं. आई म्हणवून घेणं सोपं असतं.

सकाळी एक पिल्लू ताठ झालेलं होतं. सुलीनं ते शेवग्याच्या बुडाला पुरलं. विळ्यानं तिनंच खड्डा केला, कुणाला हात लावू दिला नाही. मग हाताची माती तशीच घेऊन ती राहीबाईपुढं येऊन उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मोठीआई, माझी आई मेली तवा मी एवढीच हुते?"

राहीबाईनं मान हलवली.

"मग मला कसं जगवलंस गं? आईला न्हाई येत. तुला येतंय. धोंडूबाई म्हनती, तू मला बोळ्यानं पाजलंस. ह्यांस्नी पन पाज की."

राहीबाईला वाटलं, पोर तो विळा आपल्यालाच मारते आहे. तिनं दूध कोमट केलं, पाणी घातलं, नवा बोळा वळला. बुट्टीतलं एक पिल्लू उचललं. त्याला काही वजनच नव्हतं. त्याचं पोट पाठीला लागलं होतं. तिनं त्याला कुशीवर धरलं, ओठाच्या कडेला बोळा टेकवला आणि थांबली. पिल्लानं एकदा ओठ हलवले. मग गिळलं. विजयमाला शेजारी येऊन बसली आणि डोळे मोठे करून तिचे हात बघू लागली.

"आसं धरायचं व्हय," ती हळूच म्हणाली. "काल मला सांगितलं आसतंत तर ते एक..." ती अर्धवट थांबली.

दोन्ही पिल्लं चार-चार थेंब प्याली. पण मान धरवत नव्हती. राहीबाईला सहा वर्षांपूर्वीची ती मान आठवली, अशीच कलती, सुलीची. या पिल्लांना बोळ्यावर जगवायला रात्रंदिवस लागेल आणि तरी जगतील असं नाही, हे तिला कळत होतं. त्यांचं दूध नदीपलीकडं पाचटात होतं. तिनंच नेऊन टाकलेलं.

तिनं भाकरीही बांधल्या नाहीत. "तासातासानं पाज. म्या दावलं तसं," असं विजयमालाला सांगून ती निघाली.

गुऱ्हाळावर कोंडीबा गुळाच्या ढेपा मोजत होता. "मांजर व्हय? काल सांच्यापास्नं कोकलतीया. गड्यांनी दोनदा हाकलली. तकडं चिपाडात असंल."

चिपाडाचा ढीग माणसापेक्षा उंच होता. राहीबाई त्याच्या भोवतीनं वाकून फिरली, गुडघ्यावर रांगली. वाळकी चिपाडं हाताला कापत होती. आकाराम लांबून बघत होता, पण काहिलीवरून त्याला हलता येत नव्हतं. शेवटी एका कपारीत दोन डोळे दिसले. "ये, ये," तिनं केलं. कालही असंच केलं होतं. मांजर आणखी आत सरकली.

राहीबाई आडवी पडली आणि हात घातला. मांजरीनं पंजा मारला. मग दात रोवले, अंगठ्याच्या खाली, मांसल जागी. राहीबाईनं हात मागं घेतला नाही. दातासकट तिनं मांजर ओढून बाहेर काढली, पदरात गुंडाळली आणि छातीशी घट्ट धरली. मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं.

"आगं, पिसाळली हाईस का?" आकाराम ओरडला. "काय करतीयास?"

तिनं ऐकलं नाही. ती नदीकडं चालू लागली. मांजर आधी झटापट करत होती. निम्म्या वाटेत ती थकली आणि नुसती धापा टाकू लागली. कालपासून कुणी प्यालं नव्हतं, तिचं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. दाबल्यानं दूध पाझरायला लागलं. पदरातून झिरपत ते राहीबाईच्या चोळीपर्यंत आलं. नदीच्या पाण्यात उभी असताना तिला ते कळलं. छातीवर ऊबदार ओल पसरत होती. तिनं खाली बघितलं. चोळीवर एका अंगाला गोल डाग पडला होता, जसा ओल्या बाळंतिणीला पडतो. रंगूला पडलेला तिनं बघितला होता. तिचे पाय पाण्यातच थांबले. तिला इतकं रडू आलं, की पलीकडच्या काठावर गुरं पाजणारा म्हातारा बघत राहिला.

घरी बुट्टीत सोडल्यावर मांजरीनं पिल्लांचा वास घेतला. तिसरं शोधल्यासारखं जुनेरं नाकानं उचकटलं. मग आडवी झाली. पिल्लांना तोंड लावायचीही ताकद नव्हती. विजयमालानं त्यांना उचलून लावलं. एक चोखायला लागलं, थोड्या वेळानं दुसरंही. सुली हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष राहीबाईच्या हाताकडं गेलं.

"मोठीआई, रगत! कुठं घावली गं माऊ?"

"गुऱ्हाळावर."

"तितकी लांब कशी गेली?"

मानसिंग दारात येऊन उभा होता. विजयमालानं मान वर केली होती. राहीबाईला काहीही सांगता आलं असतं. उंदरामागं गेली असंल, गाडीत बसून गेली असंल. कुणी पुढं विचारलं नसतं. आणि खरं सांगितलं तर पोर आपल्यापाशी राहणार नाही, हेही तिला दिसत होतं. पण सुलीच्या नखात अजून शेवग्याखालची माती होती.

"म्या नेली," ती म्हणाली. "पोत्यात घालून नेली आनि सोडून आले."

"का?"

राहीबाई बुट्टीतल्या दोन पिल्लांकडं बघत राहिली. सुली उठली. विजयमालाच्या पाठीमागं जाऊन बसली आणि तिच्या पदराखाली तोंड घातलं.

"वैनी, ह्ये काय वागनं झालं?" मानसिंगचा आवाज परेडीवरचा झाला. "तान्ह्या पिल्लाची आई तोडता? आनि तुमच्याकडं मी लेक ठेवनार हुतो? जातुया आमी. पोरीला घिऊन जातुया. आता बोलू नगा कुनी."

हळद आणायला राहीबाई उठली तर विजयमाला आधीच वाटी घेऊन आली होती. तिनं राहीबाईचा हात मांडीवर घेतला, धुतला, हळद दाबून धरली आणि चिंधी बांधली. गाठ बांधून झाली तरी ती हात सोडेना.

"आक्का," ती मान खाली घालून म्हणाली, "तुमी वाईट वाटून घिऊ नगा, पर मला आलं हुतं ध्यानात. काल सांच्यापारीच. पोतं वलं दिसलं, आनि आत मांजरीचं केस."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? माझंबी तसंच हाय की. रोज फीत लावती, रोज गुळाचा खडा देती. आई म्हन म्हनून मीच शिकवलं तिला, पंधरा दिस लागलं. आनि पोरगी झोपंत काय म्हनती ठावं हाय? मोठीआई. रोज. त्ये ऐकलं की मलाबी वाटतं, तुमाला कुठंतरी नेऊन सोडावं."

राहीबाईनं तिच्याकडं बघितलं. तिचं तरी वयच काय होतं. तिच्या गालावर हळदीचं बोट उठलं होतं. राहीबाईनं ते पुसलं नाही, पण हातही ओढून घेतला नाही.

रजेचे बारा दिवस उरले होते. सुली राहीबाईशी बोलत नव्हती. वाढलेलं खायची, सांगितलेलं करायची, पण हाक मारायची नाही. रानातली शाळूची ज्वारी काढायला आली होती. दोघी जावा शेतात एका ओळीला बसून ताटं उपटायच्या. उपटता उपटता राहीबाई सांगत राहायची. एकदम सगळं नाही, आठवेल तसं.

"तिला मेथी चालत न्हाई. उलटी करती."

"बरं."

"ताप आला की आधी पाय गार पडत्यात. कपाळाला हात लावून काय कळायचं न्हाई."

"बरं, आक्का."

"गडगडलं की भिती. पर भिती म्हनायचं न्हाई तिला. नुसतं जवळ बसायचं."

विजयमाला ऐकायची, एखादी गोष्ट पुन्हा विचारायची. प्रत्येक गोष्ट सांगितली की राहीबाईला आपल्या गाठोड्यातून एक लुगडं काढून दिल्यासारखं वाटायचं. बारा दिवसांत तिनं जवळजवळ सगळं दिलं. एकच ठेवून घेतलं. सुलीला झोप येईना झाली, की तिचे तळपाय चोळावे लागत. अंगठ्यानं, टाचेकडून बोटांकडं, उजवा आधी. तान्ही असल्यापासून ती तशीच झोपायची. हे राहीबाईनं सांगितलं नाही. बेळगावला पोर जागी राहील तेव्हा कुणाची तरी आठवण काढील, एवढा तिचा हिशेब होता.

जायच्या दिवशी आकारामनं बैलगाडी जुंपली. कडेगावच्या मोटारस्टँडवर गर्दी होती. रजा संपवून निघालेले आणखी दोन-तीन शिपाई होते, त्यांच्या बायका, ट्रंका. मानसिंगनं ट्रंक टपावर चढवली आणि मग वाकून आकारामच्या पाया पडला. राहीबाईपुढं तो थोडा घुटमळला.

"वैनी, मी लय बोललो त्या दिशी."

"खरं ते बोललासा," ती म्हणाली.

सुली मोटारीच्या पायरीवर चढली, आणि तिथूनच वळली. बारा दिवसांनी ती पहिल्यांदा बोलत होती.

"माऊला भाकरी कोन घालंल?"

"म्या घालीन."

"दूध?"

"दूधबी घालीन."

"आनि सोडून न्हाई येनार?" सुलीनं मोठ्यानं विचारलं. शेजारच्या शिपायाची बायको वळून बघायला लागली.

राहीबाईचे कान तापले. "न्हाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "न्हाई सोडनार."

सुलीनं मान हलवली आणि आत गेली. मोटारवाल्यानं इंजिन चालू केलं. राहीबाई मागं सरली. मग कुणी ढकलल्यासारखी पुढं येऊन खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

"विजा, एक सांगायचं ऱ्हायलं. मुद्दाम ठेवलं हुतं." तिला धाप लागली होती. "झोप येईना झाली की तिचं तळपाय चोळावं लागत्यात. अंगठ्यानं. उजवा आधी."

विजयमाला गजाकडं झुकली. "म्हाईत हाय, आक्का. पैल्या रात्रीच सांगितलं तिनं. मी चोळायला लागले तर पाय ओढून घेतला. म्हनाली, आसं न्हाई, मोठीआई चोळती तसं चोळ."

"मग?"

"मग काय! आजून जमत न्हाई. रोज आरडती माझ्यावर."

मोटार हलली. खिडकीतून एक छोटा हात बाहेर आला होता. तो तिच्यासाठी होता की उगीच वाऱ्याला धरला होता, ते धुळीत कळलं नाही.

आकाराम बैलांच्या पाण्याची बादली रिकामी करत होता. राहीबाई गाडीत चढून बसली आणि पदर तोंडाला लावला. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "खिडकीतनं काय म्हनत हुती ती?"

"तळपाय चोळायला आजून जमत न्हाई म्हनं तिला," राहीबाई म्हणाली.

रडता रडता तिला थोडं बरं वाटत होतं.